प्रायमर नीट बसवायचा कसा: घरी रीलोडिंग सुरू करणाऱ्यांसाठी

रीलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी केस वापरून ते परत भरणं, नवीन शिकणारा माणूस सगळं लक्ष पावडरच्या वजनावर देतो, ते बरोबरच आहे म्हणा, पण प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) मात्र दाबला की बसला असं धरून चालतो. मग रेंजवर ट्रिगर ओढला की नुसतं टक् आणि लगेच निदान तयार, "लॉट खराब आहे". अहो, चांगल्या कंपनीचा, कोरड्या जागी ठेवलेला प्रायमर मुळातच फुसका निघणं फार क्वचित होतं, बहुतेक वेळा तो पॉकेटच्या, म्हणजे केसच्या बुडातल्या त्याच्या खळग्याच्या, तळाला टेकलेलाच नसतो. म्हणून हा लेख फक्त त्या एका कामाबद्दल, पावडर आणि बुलेटकडे आज जायचंच नाही.

आधी एक गोष्ट उरकून टाकू. तुम्ही जिथे राहता तिथे घरी काडतुसं भरायला परवानगी आहे का, लायसन्स लागतं का, प्रायमर किती ठेवता येतात, हे सामान घ्यायच्या आधी बघा. काही देशांत हा सरळ छंद आहे, काही ठिकाणी परवाना लागतो आणि काही ठिकाणी थेट गुन्हा आहे, त्यामुळे व्हिडिओ बघून ऑर्डर टाकू नका.

आत नेमकं काय होतं

हे समजलं की पुढचं निम्मं आपोआप समजतं. प्रायमर म्हणजे धातूचा छोटा कप, त्याच्या तळाशी आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाची पातळ टिकली (आजकाल बहुतेक लेड स्टिफनेटवाली), तिच्यावर कागदाचा किंवा फॉइलचा तुकडा आणि सगळ्यात वर दोन किंवा तीन पायांची बारीक ऐरण, जिला सगळे अँव्हिल म्हणतात. फायरिंग पिन कपवर आदळते, कप आत दबतो, टिकली कप आणि अँव्हिलच्या मध्ये चिरडते आणि ठिणगी फ्लॅश होलमधून (पॉकेटच्या तळातल्या भोकातून) पावडरपर्यंत जाते.

आता नीट बघा. नवीन प्रायमर हातात घेतला तर अँव्हिलचे पाय कपच्या कडेपेक्षा किंचित बाहेर आलेले दिसतात. ते तसे मुद्दाम ठेवलेले असतात. प्रायमर पॉकेटमध्ये ढकलला की आधी हे पाय तळाला टेकतात, मग कप अजून थोडासा खाली जातो आणि अँव्हिल टिकलीवर हलकासा दाब देऊन बसते. हा दाब आला की प्रायमर तयार झाला. पाय तळाला टेकलेच नाहीत तर फायरिंग पिनचा सगळा जोर प्रायमरला खाली ढकलण्यात जातो, टिकली चिरडत नाही आणि टक्. तोच राउंड (भरलेलं काडतूस) परत मारला की धडाम, कारण पहिल्या ठोक्याने तुमचं राहिलेलं काम पूर्ण केलं. "दुसऱ्या वेळी वाजतो" ही तक्रार ऐकली की आधी सीटिंग, म्हणजे प्रायमर नीट बसलाय का ते, तपासायचं, प्रायमरला नंतर शिव्या घालायच्या.

न वाजणं हा त्यातला कमी त्रासाचा भाग आहे खरं तर. वर राहिलेला प्रायमर रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर फिरू देत नाही, मागच्या प्लेटला घासतो आणि अडकतो. आणि ज्या सेमी-ऑटो बंदुकीत फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे धरायला स्प्रिंग नसते, एसकेएस, एम१ गॅरंड, एआर या जातीच्या, तिथे बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग) जोरात पुढे येताना ट्रिगरला हातही न लावता राउंड सुटू शकतो, याला स्लॅमफायर म्हणतात. बोल्ट पूर्ण लॉक व्हायच्या आधी असं झालं तर बंदूकही जाते आणि माणसालाही लागतं. म्हणून वर राहिलेल्या प्रायमरला "चालेल की" म्हणायचं नाही.

उलट बाजूने, फार जोर लावून कप चपटा केला तर टिकलीला तडे जाऊ शकतात, मग एक वाजतो एक नाही, किंवा गोळीचा वेग वरखाली होतो. पण नवशिक्यांमध्ये ही चूक कमी दिसते, बहुतेक जण घाबरून कमीच दाबतात.

आकडा हवा असेल तर तो असा: प्रायमर केसच्या बुडाच्या पातळीपेक्षा थोडा खाली असला पाहिजे, साधारण ०.००३ ते ०.००५ इंच, म्हणजे ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर. ०.००८ इंचापर्यंत खाली चालतो. पातळीच्या वर जराही नको.

आपला प्रायमर कुठला

मेटॅलिक काडतुसांसाठी दोन व्यास आहेत, स्मॉल म्हणजे साधारण ०.१७५ इंच आणि लार्ज म्हणजे ०.२१० इंच, आणि दोन्हीत परत रायफल आणि पिस्टल असे प्रकार. इथे लोक गंडतात. स्मॉल रायफल आणि स्मॉल पिस्टल मापाला सारखेच, एकमेकांच्या जागी छान बसतात, पण रायफलचा कप जाड असतो. पिस्टलवाला पातळ कप रायफलच्या प्रेशरला फुटून गरम गॅस मागे येऊ शकतो आणि रायफलवाला पिस्टलमध्ये घातला तर पिनला तो जाड कप दबेलच असं नाही. लार्जमध्ये अजून एक भानगड, लार्ज रायफल हा लार्ज पिस्टलपेक्षा उंचीला जास्त असतो, त्यामुळे तो पिस्टलच्या केसमध्ये कितीही दाबा, वरच राहणार. जोर लावत बसू नका, डबा वाचा.

तसंच रीलोडिंगच्या मॅन्युअलमध्ये ज्या प्रायमरने लोड (पावडर, बुलेट आणि वजनाचा मेळ) दिलाय तोच घ्यायचा. साध्याच्या जागी मॅग्नम (जास्त जोरात पेटणारा) घातला किंवा कंपनी बदलली तर प्रेशर बदलतं, मग पावडर सुरुवातीच्या वजनापासून परत चढवत यायचं.

एका फ्लॅश होलवाल्या केस आणि दोन फ्लॅश होलवाल्या केस यातला फरकही माहीत असू द्या. आतमध्ये बॅटरी मारून बघा, मधोमध एकच भोक दिसलं तर बॉक्सर, आपल्या कामाचं. बाजूला दोन बारीक भोकं आणि मध्ये उंचवटा असेल तर बर्डन, त्यात अँव्हिल केसमध्येच असते आणि साध्या डायची (प्रेसमध्ये लावायच्या साच्याची) डिकॅपिंग पिन, म्हणजे जुना प्रायमर बाहेर ढकलणारी सळई, त्यात मोडते. गंमत म्हणजे बॉक्सर हा इंग्लंडचा माणूस आणि बर्डन अमेरिकेचा, दोघांची पेटंटं १८६६ ची, आणि आज अमेरिकेत बॉक्सर चालतो आणि युरोपच्या बऱ्याच मिलिटरी मालात बर्डन. सुरुवातीला बर्डनच्या नादी लागू नका, बाजूला काढा.

केस तयार करणं

जुना प्रायमर काढला, केस साइझ केली, म्हणजे डायमध्ये घालून मूळ मापाला आणली, आता पॉकेटकडे बघा. तळाच्या कोपऱ्यात काळी राख साचलेली असते. थोडी असेल तर फार बिघडत नाही पण थर जमला असेल तर नवीन प्रायमरचे पाय राखेवर टेकतात, तळावर नाही, आणि हाताला वाटतं बसला. छोट्या ब्रशने किंवा पॉकेट क्लीनरने दोन-तीन वेळा फिरवलं की काम झालं, आरशासारखं चमकवायची गरज नाही. केस पाण्यात धुतली असेल तर पॉकेट आणि फ्लॅश होल पूर्ण वाळू द्या, आणि कोरड्या मीडियात (भुशासारख्या दाण्यांत) टंबल केली, म्हणजे घोळवून साफ केली असेल तर भोकात एखादा दाणा अडकलाय का ते उजेडाकडे धरून बघा.

मग क्रिंप. मिलिटरी ब्रासमध्ये, म्हणजे मिलिटरीच्या वापरलेल्या केसमध्ये, ५.५६ आणि ७.६२ मध्ये हमखास, ९ एमएममध्येही बऱ्याचदा, फॅक्टरीत प्रायमरच्या भोवती ब्रास दाबून त्याला पक्कं करतात. बुडावर वर्तुळात अधिक चिन्हाचा नाटोचा शिक्का दिसला तर संशय घ्याच, पण शिक्का नसला तरी पॉकेटच्या तोंडाला गोल खाच किंवा टोचे दिसतायत का बघा. ही कडा न काढता नवीन प्रायमर घातला की तो तिरका होतो, कपची कड दुमडते, नाहीतर अर्ध्यात अडकतो. काढायला दोन रस्ते, रीमरने ती कड कापायची किंवा स्वेजरने दाबून मागे सारायची. रीमर स्वस्त पडतो पण हात जड असेल तर पॉकेटचं तोंड मोठं होऊन बसतं, त्यामुळे कड गेली की थांबायचं, अजून थोडं अजून थोडं करायचं नाही.

.४५ एसीपी या पिस्टलच्या काडतुसाचा मिक्स ब्रास असेल तर आधी वेगळा करा, त्यात लार्ज आणि स्मॉल दोन्ही पॉकेटच्या केस येतात आणि बाहेरून सगळ्या एकसारख्या दिसतात.

टेबल आणि डोळे

सेफ्टी चष्मा घातल्याशिवाय प्रायमरचा ट्रे उघडायचाच नाही, यावर चर्चा नाही. एक प्रायमर वाजला तर दचकाल, हाताला लागेल, पण तुकडा डोळ्यात गेला तर संपलं. आणि एक वाजला तर शेजारचे पण वाजू शकतात, म्हणूनच कंपनी त्यांना वेगवेगळ्या खणात ठेवून पाठवते. ते सगळे काढून काचेच्या बरणीत भरून ठेवणं म्हणजे बाँब करून ठेवणं आहे, उपमा वगैरे नाही, खरंच. टेबलावर एका वेळी १०० चा एकच ट्रे, बाकीचे मूळ पॅकिंगमध्ये लांब. पावडरचा डबा पण प्रायमिंग चालू असताना टेबलावर नको.

सिगरेट, मेणबत्ती, हीटर यातलं काही जवळ नको हे सांगायला नको. हवा फार कोरडी असेल तर बसायच्या आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून स्टॅटिक उतरवा. हात कोरडे आणि तेल नसलेले. तेलाने प्रायमर बिघडू शकतो, पण "तेलात टाकला म्हणजे मेला" असं मात्र समजू नका, तेलात किंवा पाण्यात पडलेला प्रायमर पण वाळल्यावर वाजू शकतो. झाल्यावर हात साबणाने धुवा, मिश्रणात शिसं असतं आणि जुन्या पॉकेटच्या काजळीतही असतं, त्यामुळे मध्येच खाणंपिणं बंद.

टूल कुठलं घ्यायचं

प्रेसवरच्या (दांडा ओढून चालवायच्या यंत्रावरच्या) प्रायमिंग आर्मने काम होतं, पण प्रेसचा दांडा इतका लांब की हाताला काही कळत नाही, प्रायमर चिरडला काय आणि बसला काय दोन्ही सारखंच वाटतं. माझं मत विचाराल तर सुरुवात हँड प्रायमरने करा, मुठीत धरून दाबायचं असतं ते. हळू आहे, बोटं दुखतात, पण प्रत्येक प्रायमर कसा बसला ते हाताला समजतं आणि हेच तर शिकायचंय. बेंचवर बसवायचं वेगळं प्रायमिंग टूल पण मस्त, हात दुखत नाही. प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांड्याच्या एका फेरीत अनेक कामं करणारा) घेतलाच असेल तर लक्षात ठेवा, बहुतेक मॉडेलमध्ये प्रायमर दांडा पुढे ढकलताना बसतो, आणि लोक खाली ओढताना जोर लावतात आणि परत नेताना सैल सोडतात, मग दहातले दोन वर राहतात आणि दोष जातो मशीनला.

आता बसवायला घ्या

प्रायमर ट्रेमधून खाचांच्या फ्लिप ट्रेमध्ये ओता. ट्रे टेबलावर सपाट ठेवून आडवा हलका हलवायचा, खाचांमुळे प्रायमर आपोआप एका बाजूला वळतात. टूलला ज्या बाजूने लागतात तसे सगळे झालेत ना, हे डोळ्यांनी बघा. चकचकीत गोल पाठ म्हणजे कप, तो केसच्या बाहेरच्या बाजूला राहिला पाहिजे, पायांची बाजू आत. एखादा उलटा दिसला तर चिमट्याने नाही, बोटाने वळवा. झाकण लावा.

केसचा रिम (बुडाची कड) शेल होल्डरमध्ये, म्हणजे टूलच्या केस धरणाऱ्या खाचेत, पूर्ण आत सरकवा, अर्धवट राहिली की पॉकेट आणि पंच (प्रायमर ढकलणारी दांडी) एका रेषेत येत नाहीत आणि प्रायमर तिरका घुसतो. आता हँडल हळू दाबा. पहिल्यांदा काहीच जाणवत नाही, प्रायमर वर येतोय. मग पॉकेटच्या तोंडाशी किंचित अडतो आणि आत शिरायला लागतो, इथून पुढे एकसारखा, गुळगुळीत विरोध जाणवत राहतो. मग एकदम हँडल घट्ट होतं, तळ लागला. इथे थांबायचं नाही, अजून थोडासा दाब द्यायचा, हँडल जेमतेम हलेल एवढाच, तो कप खाली जातोय आणि अँव्हिल टिकलीवर बसतेय. बस्स, सोडा. धक्का नाही, झटका नाही, एकसंध दाब.

काही जण केस अर्धी फिरवून परत एकदा दाबतात, म्हणजे तिरका असेल तर सरळ होईल. फार फरक पडतो असं नाही पण सुरुवातीला करायला हरकत नाही.

आत शिरताना विरोधच जाणवला नाही, प्रायमर घसरत गेला, तर थांबा. पॉकेट सैल झालंय, बऱ्याचदा जास्त प्रेशरच्या लोडमुळे बूड फुगलेलं असतं. ती केस भंगारात, गोंद वगैरे लावून वाचवायची नाही. उलट सुरुवातीलाच दगडासारखं अडलं तर ढकलू नका, क्रिंप राहिलाय किंवा प्रायमर चुकीच्या मापाचा आहे. जोर लावून बसवायची वस्तू ही नाहीच, अडलं की हँडल मागे घ्या आणि बघा.

बोट फिरवा, प्रत्येकावर

टूलमधून केस काढली की लगेच अंगठा बुडावर फिरवायचा, प्रत्येक केसवर. बोटाला खळगा लागला पाहिजे, उंचवटा नाही. बोट आश्चर्यकारक अचूक असतं, थोड्याच वेळात तुम्हाला इंचाच्या एक-दोन हजारांश भागाचा फरक जाणवायला लागेल. संशय आला तर केस काचेवर किंवा कुठल्याही सपाट पृष्ठभागावर उभी करा, डुगडुगली म्हणजे प्रायमर वर आहे. आकड्यात हवं असेल तर कॅलिपरच्या मागच्या डेप्थ रॉडने मोजा, पण सगळ्या मोजत बसायची गरज नाही, पहिल्या काही मोजून हात आणि आकडा जुळवून घ्या.

डोळ्यांनी पण बघा. कपवर खड्डा किंवा ओरखडा दिसत असेल तर पंचच्या टोकावर कचरा आलाय, बहुतेक जुन्या प्रायमरची राख, तो पुसा. कपची कड चपटी होऊन पसरलेली दिसली तर जोर जास्त झाला.

थोडा वर राहिलेला असेल आणि केस अजून रिकामी असेल, तर टूलमध्ये घालून हळू दाबून खाली नेता येतो, चष्म्यासकट. पण पावडर आणि बुलेट भरून झालेल्या राउंडमधला प्रायमर परत दाबायचा नाही, कधीच नाही, त्या वेळी तुमच्या हातात भरलेलं काडतूस असतं आणि त्याला बॅरलही नसते. तो राउंड पुलरने (बुलेट ओढून काढायच्या टूलने) उघडा, बुलेट आणि पावडर काढा, मग बघा. आणि ठोकून उघडणाऱ्या हातोडी पुलरमध्ये वर राहिलेल्या प्रायमरचा राउंड घालू नका, त्यासाठी कॉलेटवाला, म्हणजे बुलेट पकडून ओढणारा, पुलर वापरा.

तिरका किंवा उलटा गेलेला प्रायमर दाबून सरळ होत नाही. केस रिकामी असेल तर प्रेसमध्ये डिकॅपिंग डायने अगदी सावकाश बाहेर ढकलता येतो, चष्मा आणि कानाला मफ लावून, एका वेळी एक, आजूबाजूला दुसरे प्रायमर किंवा पावडर न ठेवता. बहुतेक वेळा तो शांतपणे निघतो, पण वाजेल असं धरूनच काम करायचं. आणि हे एका केससाठी जिवावर आलं तर सोडून द्या. काढलेले जिवंत प्रायमर कचऱ्यात टाकायचे नाहीत, तुमच्या क्लबला किंवा रेंजला विचारा ते कुठे जमा करायचे.

बसवून झाल्यावर

प्रायमर बसवलेल्या केस लगेच भरायच्या नसतील तर कोरड्या जागी, झाकणाच्या डब्यात, वर चिठ्ठी लावून ठेवा: कुठलं काडतूस, कुठला प्रायमर, लॉट नंबर, तारीख. चिठ्ठी न लावलेला डबा महिन्याभराने उघडला की मॅग्नम होता का साधा, हे कपकडे बघून सांगता येत नाही. टूलच्या ट्रेमध्ये उरलेले प्रायमर त्याच दिवशी मूळ पॅकिंगमध्ये परत. टूलमध्ये भरून ठेवू नका, आणि दुसऱ्या डब्यात तर नाहीच. टेबलाखाली एखादा घरंगळला असेल तर शोधून काढा, व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका.

रेंजवर न वाजला तर

बंदूक टार्गेटच्या दिशेलाच धरून ३० सेकंद तरी थांबा, उशिरा पेटणारा राउंड असू शकतो. मग काढून खूण बघा. खूण खोल आणि मधोमध आहे, आणि परत मारल्यावर वाजला, तर सीटिंगच. त्या बॅचचे बाकीचे राउंड बाजूला ठेवा आणि सगळ्यांवर बोट फिरवा, एक वर राहिला असेल तर त्याचे भाऊबंद असणारच. खूण उथळ आहे तर बंदुकीकडे वळा: फायरिंग पिनच्या भोकात घाण, थकलेली स्प्रिंग, किंवा ट्रिगर हलका करायला कोणीतरी मेनस्प्रिंग (ठोक्याला जोर देणारी स्प्रिंग) सैल केलेली, रिव्हॉल्व्हरवाले हे हौसेने करतात आणि मग त्यांना नरम कपवालेच प्रायमर चालतात. हे ठरवायचं असेल तर त्याच बंदुकीत फॅक्टरीचे राउंड मारून बघा. ते सगळे वाजले आणि तुमचेच राहिले, तर परत हँड प्रायमर हातात घ्या आणि त्या शेवटच्या जेमतेम दाबाकडे लक्ष द्या.